जागा

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर, बर्फाच्या जुन्या कारखान्यात
माझा स्टुडिओ आहे.
भिंतींना अजून मासळीचा वास येतो,
दमट दिवसांत जास्तच.
येणारे नाक मुरडतात, मग विसरतात.

डंकन थोर्प आला नोव्हेंबरात,
एक गिटार, दोन अँप्लिफायर
आणि कमरेला दुखण्याचा पट्टा.
वय एकसष्ट. बँड मोडून अकरा वर्षं झालेली.
म्हणाला, सगळं मीच वाजवणार,
बास, पियानो, ड्रम्ससुद्धा.
कव्हरवर एकच नाव हवंय.
मी म्हटलं, चालेल, निम्मे पैसे आगाऊ.

पहिले तीन दिवस नुसती खरखर.
त्या अँपला तापायला वीस मिनिटं लागतात,
त्याच्या बोटांना त्याहून जास्त.
तार ओढत सूर वर न्यायचा
आणि पोचायच्या आत सोडून द्यायचा, ही त्याची खोड,
दारापर्यंत येऊन
बेल न वाजवता परत फिरणाऱ्या माणसासारखी.
काचेच्या अलीकडे हेडफोन लावून मी पुटपुटायचे,
अरे बाबा, आत ये की.

पहिलं गाणं घटस्फोटाचं. ते असतंच.
दुसरं बापाचं, जो आइसलँडकडच्या समुद्रातून
दोन बोटं कमी घेऊन आला
आणि जेवताना तो हात टेबलाखाली ठेवायचा.
तिसरं एका व्हॅनचं,
जिचे हप्ते व्हॅन भंगारात गेल्यावरही चालू होते.
चौथ्याला शब्दच सापडले नाहीत, मी म्हटलं राहू दे तसंच.
बारा आवर्तनांची तीच जुनी चौकट,
घरभाड्यासारखी फिरून फिरून दारात येणारी,
आणि दर वेळी याच्या खिशात थोडे कमीच.

सातव्या गाण्याला तो ड्रम्सकडे फिरकला नाही.
मधे चार आवर्तनं
काहीच नाही.
मला वाटलं, विसरला.

'इथे नेव्हिल यायचा,' तो म्हणाला.
'दर वेळी जरासा उशिरा.
सत्तावीस वर्षं शिव्या घातल्या मी त्याला त्यावरून.
ही त्याची जागा आहे.
ती मी घेणार नाही.'

नेव्हिल फेब्रुवारीत गेला.
डंकन पुरायला गेला नव्हता, हे सगळ्या धक्क्याला ठाऊक.
कुठल्याशा गाण्याच्या हक्कावरून बोलणं तुटलेलं,
रक्कम इतकी किरकोळ
की सांगायला मलाच लाज वाटते.

लंडनहून कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला,
लोकांना वाटेल, मशीन बिघडलं.
ती पोकळी कापा, नाहीतर
काहीतरी खुळखुळवा तिथे.

त्या रात्री मी एकटीच होते.
खोटं कशाला बोलू, मी बसले ड्रम्सवर.
भरली ती चार आवर्तनं.
अगदी वेळेवर, चोख,
शाळेत हजेरीला 'हजर' म्हणावं तशी.
ऐकलं. पुसून टाकलं.

पुसल्यावर आवाज वाढवून पुन्हा ऐकलं,
तेव्हा कळलं की ते रिकामं नव्हतं.
खुर्ची करकरते.
बाहेर एक समुद्रपक्षी किंचाळतो.
आणि बुटाचा ठेका, टक, टक,
कुणाची तरी वाट पाहणारा.
मग गिटार येते,
समेवर नाही, समेच्या अंगुळभर मागे.
याच्या अख्ख्या आयुष्यात
हा कधी उशिरा आला नव्हता.

मी कंपनीला कळवलं, टेप अशीच जाईल.
पुढे काय ते तुम्ही आणि तो बघा.

रेकॉर्ड निघाली. नऊशेच्या आसपास खपली,
त्यातल्या चाळीस मी इथेच ठेवल्यात, चहाच्या कपाटावर.
कव्हरवर एकच नाव.

एप्रिलमध्ये नेव्हिलची ग्लेनिस आली,
एक प्रत घेतली, पैसे मोजून ठेवले,
सुट्टे परत घेतले,
रेकॉर्डबद्दल चकार शब्द नाही.
तिसऱ्या दिवशी फोन.
'मोरीन, ते सातवं,' ती म्हणाली,
'उशीर बरोबर पकडलाय त्यानं.'
आणि मी काही म्हणायच्या आत
तिनं ठेवून दिला.